गोव्यात दर पावसाळ्यात मरणारी रोझमेरी: कारणे आणि उपाय

गोव्यातील अनेक घरांत रोझमेरीचे, म्हणजे स्वयंपाकात पाने वापरल्या जाणाऱ्या सुगंधी झुडपाचे, रोप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते, शिगम्यापर्यंत जोमाने वाढते, मे महिन्याच्या उन्हातही तग धरते आणि मृग लागल्यानंतर दीड-दोन महिन्यांत खालच्या पानांपासून काळवंडत जाते. काही रोपे चतुर्थी ओलांडतात, बरी दिसतात, आणि पाऊस ओसरून कडक ऊन पडू लागले की ऑक्टोबरमध्ये आठवडाभरात वाळून जातात. पुढच्या हिवाळ्यात नवे रोप आणले जाते आणि तोच क्रम पुन्हा घडतो. हा दोष रोपाचाही नाही आणि लावणाऱ्याच्या हाताचाही नाही. कारण एकच आहे आणि ते नीट समजून घेतले, तर गोव्यातही हे झाड अनेक वर्षे टिकवता येते.

सर्वप्रथम एक समज दूर करणे आवश्यक आहे. रोझमेरी हे थंड हवेचे झाड आहे आणि गोव्याच्या उष्म्याने ते मरते, असे पुष्कळ जण मानतात, आणि त्यामुळे उपायही उलटे होतात: कुंडी सावलीत सरकवली जाते आणि पाण्याचे प्रमाण वाढवले जाते. वास्तविक स्पेनमधील सेव्हिल शहरात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे सरासरी तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर असते आणि तिथे रोझमेरी रस्त्याकडेला वाढते, तर पणजीत मे महिन्यातही दुपारचे सरासरी तापमान साधारण ३३ अंशांच्या आसपास असते. उष्णता या झाडाला सोसते. त्याला सोसत नाही ती सततची ओल.

रोझमेरी भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील सदाहरित झुडूप आहे. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, इटली, मोरोक्को या देशांत ते समुद्राकाठच्या खडकाळ, बहुधा चुनखडीयुक्त उतारांवर आपोआप वाढते. समुद्राकाठचे झाड असल्यामुळे ते आपल्या किनाऱ्यावर सहज रुजेल, अशी अपेक्षा ठेवली जाते; मात्र दोन्ही किनाऱ्यांवरील पावसाचे गणित अगदी वेगळे आहे. लिस्बनमध्ये वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात, आणि जुलै महिना जवळजवळ कोरडा जातो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे लिस्बनला जेवढा पाऊस वर्षभरात मिळतो, तेवढा इथे एकट्या जुलैत पडून जातो. ज्या झाडाला उष्ण महिने कोरडे मिळण्याची सवय आहे, त्याला इथे उष्ण हवा आणि चिंब माती एकाच वेळी मिळते, आणि मुळे कुजवणाऱ्या बुरशीला नेमके हेच हवे असते.

मुळांशी नेमके काय घडते

रोझमेरीची पाने सुईसारखी अरुंद असतात, त्यांच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात आणि खालचा भाग पांढरट लवेने झाकलेला असतो. पानांतून बाष्प कमीत कमी जावे यासाठीची ही रचना आहे. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वर असते आणि आकाशही ढगाळ असते, त्यामुळे आधीच काटकसरी असलेले हे झाड पाणी ओढणे जवळजवळ थांबवते. याचा व्यवहारातील परिणाम महत्त्वाचा आहे: कुंडीवर पावसाचा एक थेंबही पडला नाही, तरी जुलैमध्ये एकदा घातलेले पाणी मातीत आठवडा-दहा दिवस तसेच राहते. कुंडी छपराखाली असूनही झाड मेले, अशी तक्रार करणाऱ्यांच्या घरी बहुधा हेच घडलेले असते. तुळशीला पाणी घालता घालता शेजारच्या रोझमेरीलाही रोज तांब्याभर पाणी मिळते. दोन्ही झाडे एकाच कुळातील असली, तरी तुळस आपल्या पावसाळ्याला सरावलेली आहे आणि रोझमेरी नाही.

मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा खुंटतो, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेली मुळे दुबळी होतात आणि त्यांच्यावर फायटोफ्थोरा व पिथियम या जातींचे रोगजंतू हल्ला करतात. बागायतदारांना यांतील पहिला शत्रू चांगलाच परिचयाचा आहे, कारण कुळागरातील (सुपारीच्या बागेतील) सुपारीवर पडणारा कोळेरोगही फायटोफ्थोरामुळेच होतो. सतत पाऊस आणि मधूनच ऊन, अशा हवेत कोळेरोग फैलावतो हे जाणणाऱ्याला, रोझमेरी नेमकी त्याच दिवसांत का खचते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या रोगजंतूंचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात आणि चिंब मातीत एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत सहज पोहोचतात.

ऑक्टोबरमधील मृत्यूचे कोडेही इथेच सुटते. ऑगस्टपर्यंत अर्धीअधिक मुळे कुजलेली असतात, परंतु हवा दमट आणि ऊन मंद असल्यामुळे उरलेल्या मुळांवर झाडाचे भागते आणि वरून काही दिसत नाही. पाऊस थांबून ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला की पानांची पाण्याची गरज अचानक वाढते, मुळे ती पुरवू शकत नाहीत आणि झाड मलूल होते. पाहणाऱ्याला वाटते की त्याला ऊन लागले आणि पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाणी घालतो, आणि शिल्लक राहिलेली मुळेही जातात. मलूल झालेल्या रोझमेरीला मातीची ओल तपासल्याशिवाय पाणी घालू नये, हा एकच नियम पाळला तरी निम्मी झाडे वाचतील, असे माझे ठाम मत आहे.

रोग ओळखण्याची पद्धत

ओल तपासण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. माडाच्या झाडूतील एक जाड हीर घेऊन ती कुंडीच्या कडेपासून दोन बोटे आत, तळाच्या दिशेने सात-आठ सेंटीमीटर खुपसावी आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर काढावी. हिरीला माती चिकटून आली किंवा ती गालाला थंड लागली, तर पाणी घालू नये. वरची माती कोरडी दिसते आणि खाली चिखल असतो, हा प्रकार कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) वाढवलेल्या रोपांत फार आढळतो, त्यामुळे केवळ वरवर बोट लावून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

संशय पक्का करायचा असेल, तर रोप कुंडीतून बाहेर काढून मुळे पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. कुंडी आडवी धरून कडेवर हलके ठोकल्यास मातीचा गोळा अखंड सुटतो. निरोगी मुळे फिकट पांढरी किंवा बदामी रंगाची आणि चिवट असतात. कुजलेली मुळे काळपट तपकिरी दिसतात आणि चिमटीत धरून हलके ओढले की त्यांची साल निसटून हातात येते व आत केसासारखा बारीक दोरा उरतो; मातीलाही साचलेल्या गटाराचा वास येतो. असे दोरे मोजक्याच मुळांत दिसत असतील, तर झाड वाचवता येते. मात्र खोडाचा मातीलगतचा भाग काळा पडला असेल आणि नखाने खरवडल्यावर खाली हिरवी साल दिसत नसेल, तर त्या झाडावर श्रम खर्च करू नयेत.

पावसाळ्यात आणखी एक रोग आढळतो आणि तो मुळांचा नसतो. झुडूप फार दाट झाले असेल, तर आतल्या फांद्यांवरील पाने तपकिरी होऊन कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक धाग्यांनी एकमेकांना चिकटतात. ही रायझोक्टोनिया बुरशी होय. मे महिन्यात आतील फांद्यांची विरळणी केली आणि हवा खेळती ठेवली, तर हा रोग सहसा येत नाही. पानांवर वरच्या बाजूने पीठ पसरल्यासारखा पांढरा थर दिसला तर ती भुरी असते, परंतु पानांच्या खालच्या बाजूचा पांढरेपणा हा रोग नव्हे. तो पुसून काढण्याचा किंवा त्यावर औषध फवारण्याचा प्रयत्न करू नये. फेब्रुवारी ते मे या काळात पानांवर बारीक फिकट ठिपके पडले, तर तो लाल कोळी असतो आणि सकाळच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन वेळा मारल्यास तो बहुधा आटोक्यात येतो.

माती, कुंडी आणि मे महिन्यातील तयारी

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, जमवाजमव सुरू होते, त्याच सुमारास रोझमेरीचीही पावसाळ्याची तयारी करावी, कारण जुलैत रोप आजारी पडल्यावर माती बदलणे हे मुळांना दुहेरी आघात देण्यासारखे असते.

विकत आणलेले रोप बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. रोपवाटिकेत पाणी मोजून दिले जाते आणि वर प्लॅस्टिकचे छप्पर असते, तिथे कोकोपीट सोयीचे ठरते. आपल्या अंगणात मात्र ते स्पंजाप्रमाणे पाणी धरून बसते. तो गोळा तसाच नव्या मातीत बसवला, तर भोवतीची माती कोरडी आणि मधला गाभा ओला राहतो. म्हणून रोप आणल्यावर, शक्यतो डिसेंबर-जानेवारीतच, गोळ्याच्या बाहेरचे कोकोपीट बोटांनी हलकेच सोडवावे आणि मुळे न तोडता जेवढे निघेल तेवढे काढून टाकावे.

मातीच्या मिश्रणात एक भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग चिऱ्याचे, विटेचे किंवा फुटक्या कौलांचे वाटाण्याएवढे तुकडे घ्यावेत, आणि या सगळ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे चांगले कुजलेले कंपोस्ट घालावे. तुकडे फोडल्यावर त्यांची पूड चाळून टाकणे फार आवश्यक आहे, कारण तीच पूड पुढे पोकळ्या बुजवते. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू वापरू नये. ती बारीक असते, तिच्यात मीठ असते आणि ती उचलून आणणेही योग्य नाही. आपली जांभ्याची माती बहुतांशी आम्लधर्मी असते, तर रोझमेरीला ६ ते ७.५ सामू (पीएच) मानवतो, म्हणून १० लिटर मिश्रणात साधारण एक मोठा चमचा डोलोमाइटची (चुनखडीसारख्या सौम्य खनिजाची) पूड मिसळावी. विड्याच्या पानाला लावायचा चुना मात्र तीव्र असतो आणि त्याने कोवळी मुळे भाजतात, त्यामुळे तो टाळावा.

कुंडी भाजलेल्या मातीची, रंग न लावलेली असावी, कारण तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर जाते. नव्या रोपासाठी एकदम मोठी कुंडी घेऊ नये. मुळे न पोहोचलेली माती पाणी वापरत नाही आणि ओली राहते. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची जुनी पद्धत आहे आणि अनेक जाणकारही ती सुचवतात, तरीही ती सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. बारीक मातीतील पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर अडून राहते, आणि त्यामुळे खडीचा थर जितका जाड, तितकी चिंब माती मुळांच्या जवळ येते. तळाच्या छिद्रावर जाळीचा किंवा कौलाचा एक तुकडा ठेवून संपूर्ण कुंडी एकाच मिश्रणाने भरावी. कुंडीखालची बशी जून ते सप्टेंबर काढून ठेवावी आणि कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे तळाची छिद्रे फरशीला टेकून बुजणार नाहीत.

मे महिन्याच्या मध्यावर आतील वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. बाहेरील फांद्या छाटताना काप नेहमी हिरवी पाने असलेल्या भागात घ्यावा. पर्णहीन जुन्या लाकडातून रोझमेरीला नवे धुमारे फारच क्वचित फुटतात. याच वेळी ट्रायकोडर्मा ही रोगजंतूंना रोखणारी उपयुक्त बुरशी कंपोस्टमध्ये मिसळून मातीत घालणे उपयुक्त ठरते. बागायतीसाठी तयार केलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे, तांबेयुक्त बुरशीनाशक) घरात उरलेले असते आणि ते कुंडीतही ओतण्याचा मोह होतो, परंतु तांब्यामुळे ट्रायकोडर्माला बाधा पोहोचू शकते आणि रोझमेरीची पाने आपण थेट स्वयंपाकात वापरतो, म्हणून ते इथे वापरू नये.

खताच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर जितके कमी, तितके चांगले. पेंडीचे पाणी, शेणाची स्लरी आणि विशेषतः मासे धुतलेले पाणी, जे मिरची आणि कढीपत्त्याला हौसेने घातले जाते, ते रोझमेरीला देऊ नये. नत्रामुळे फांद्या लांब, मऊ आणि पाणीदार होतात, त्यांचा सुगंध उतरतो आणि पहिल्याच झडीत त्या कुजतात.

पावसाळ्यात कुंडी कुठे ठेवावी

नैऋत्येचे वारे पावसाला पश्चिम आणि दक्षिण बाजूंनी आत रेटतात, त्यामुळे त्या दिशांची गॅलरी किंवा बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) छपराखाली असूनही भिजते. पूर्वेकडील किंवा ईशान्येकडील पडवी अधिक कोरडी राहते आणि सकाळी उघडीप मिळाली तर ऊनही आत येते. पागोळ्यांची रेषा पाहून कुंडी तिच्यापासून किमान हातभर आत ठेवावी. कौलारू घरात एका पागोळीखाली पडणारे पाणी मोकळ्या अंगणातील पावसापेक्षाही जास्त असते आणि ते एकाच जागी पडते.

पावसापासून वाचवण्यासाठी झाड घरात, बंद खोलीत नेणे हा उपाय नव्हे. तिथे प्रकाश अपुरा असतो, फांद्या फिकट आणि लांबट होतात आणि हवा न हलल्यामुळे भुरी येते. ज्यांच्याकडे केवळ गच्ची आहे, त्यांनी चार खांबांवर पारदर्शक फायबरचा पत्रा तिरपा बसवावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सगळ्या बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळल्यास आत दमट कोंडमारा होतो आणि पावसात ठेवल्याइतकेच नुकसान होते. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर असावे.

पाणी देण्याचे कोणतेही वेळापत्रक ठरवू नये. हीर कोरडी आली तरच, सकाळच्या वेळी, बुंध्याशी थोडे पाणी द्यावे. चांगल्या मिश्रणातील, छपराखालील कुंडीला जुलैत पंधरा दिवसही पाणी लागले नाही, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. या काळात पाने खुडणेही माफक ठेवावे, कारण ढगाळ दिवसांत नवी वाढ मंद असते. पाऊस संपल्यावर झाड एकदम दुपारच्या उन्हात आणू नये. आठ-दहा दिवस केवळ सकाळचे ऊन देऊन मग मूळ जागी न्यावे.

जमिनीत लावण्याबाबत सतत विचारणा होते. उताराच्या जागी, दीड-दोन फूट उंच भरावावर आणि वर छप्पर असेल तरच तो प्रयत्न करावा. सपाट अंगणात, वाफ्यात किंवा खाजनालगतच्या (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीलगतच्या) सखल भागात ते झाड पहिला पावसाळाही काढणार नाही.

आजारी झाड आणि फांद्यांवरून नवी रोपे

मुळांचा थोडाच भाग कुजलेला असेल, तर तो स्वच्छ कात्रीने कापून टाकावा, जुनी माती पूर्णपणे झटकावी आणि उरलेल्या मुळांच्या मापाची लहान कुंडी घेऊन नव्या, किंचित दमट मिश्रणात झाड बसवावे. मुळे कमी झाली म्हणून वरची हिरवी वाढही एक तृतीयांशाने कमी करावी. त्यानंतर लगेच भरपूर पाणी देऊ नये. चार-पाच दिवस उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवून मग हिरीने ओल पाहून पाणी सुरू करावे. मेलेल्या झाडाची माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत वापरू नये, कारण रोगजंतूंचे बीजाणू तिच्यात दीर्घकाळ टिकतात. कुंडी मात्र घासून, धुऊन आणि कडक उन्हात चांगली वाळवून पुन्हा वापरता येते.

झाड वाचणार नाही असे दिसले, तरी त्याचे हिरवे शेंडे तात्काळ कापून घ्यावेत, कारण खाली मूळ कुजत असतानाही शेंडे काही दिवस निरोगी असतात. आठ ते दहा सेंटीमीटर लांबीचे, फूल नसलेले शेंडे पेऱ्याच्या खाली कापावेत, खालच्या अर्ध्या भागातील पाने काढावीत आणि ते जाड, धुतलेल्या रेतीत खोचावेत. पावसाळ्यात त्यांच्यावर प्लॅस्टिकची पिशवी झाकण्याची गरज नसते, कारण हवेतील ओल पुरेशी असते आणि पिशवीमुळे शेंडे कुजतात. चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात. फांदी हलके ओढल्यावर तिने प्रतिकार केला, तर ती रुजली असे समजावे.

या कामाला सर्वांत योग्य काळ दसऱ्यानंतरचा, ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचा आहे, आणि झाड उत्तम स्थितीत असले तरी दरवर्षी चार-सहा फांद्या रुजवून ठेवाव्यात, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. बियांपासून रोपे करण्याचा नाद सोडावा; रोझमेरीचे बी कमी प्रमाणात आणि फार सावकाश उगवते. घरच्या फांदीपासून केलेल्या रोपाचा मोठा लाभ असा, की ते पहिल्या दिवसापासून आपल्या मातीत वाढते आणि त्याच्या मुळांभोवती कोकोपीटचा गोळा नसतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात, आणि जूनपूर्वी त्याचे खोड खालच्या भागात तपकिरी व टणक झालेले असेल याची काळजी घ्यावी. फेब्रुवारीनंतर रुजवलेल्या फांद्यांचे खोड तोपर्यंत हिरवे आणि मऊच राहते, म्हणून त्यांना पहिल्या पावसाळ्यात मोठ्या झाडापेक्षाही आत, पडवीच्या भिंतीलगतच्या उजेडाच्या जागी ठेवावे.